नवी बॅटरी, जुनाच आवाज

आमच्या गाडीने पहिल्यांदा अडवले ते नेमके आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे होते त्या सकाळी. किल्ली फिरवली तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीप्रमाणे लागले, आणि किल्ली शेवटपर्यंत नेल्यावर बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तोच एक ‘टक्’. इंजिन जागचे हलले नाही. गाडी आठ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर टाकायची आहे. तोवर तिने असा दगा कधी दिला नव्हता. मागच्या सीटवर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आई “होईल रे, घाई नको करूस,” असे म्हणत होती, आणि मी घाईघाईने पाच-सहा वेळा सेल मारून पाहत होतो.

‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य किती ढोबळ आहे, हे मला त्या पुढच्या तीन आठवड्यांत समजले. सेल मारल्यावर इंजिन फिरत राहते पण पेट घेत नाही, हा एक प्रकार. त्यात पेट्रोल पोहोचते का, ठिणगी पडते का, क्रँकशाफ्टचा सेन्सर इंजिन फिरत असल्याची खबर संगणकाला देतो का, हे पाहावे लागते. इंजिन फिरतच नाही, हा अगदी वेगळा प्रकार; तिथे पेट्रोल आणि ठिणगी यांच्याकडे वळण्याचे कारणच नसते, कारण त्यांची पाळी अजून आलेलीच नसते. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली होती. इथे चौकशी बॅटरी, सेल्फ (चालू करण्यासाठी इंजिन फिरवून देणारी विजेची मोटर) आणि त्या दोघांना जोडणाऱ्या तारा एवढ्यांचीच करायची असते. चौकशीची जागा इतकी लहान असूनही मी तिच्यात तीन आठवडे भरकटलो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे पहिल्याच दिवशी मिळालेला एक चांगला निकाल.

तो निकाल असा. शेजारचे काका आवाज ऐकून बाहेर आले आणि म्हणाले, “बॅटरी उतरली असणार, थांब, केबल आणतो.” त्यांनी स्वतःची गाडी समोर आणून उभी केली. लाल केबल त्यांच्या बॅटरीच्या धन टोकाला आणि आमच्या बॅटरीच्या धन टोकाला लावली. काळ्या केबलचे एक टोक त्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे आमच्या इंजिनावरच्या एका उघड्या बोल्टला लावले. ते आमच्या बॅटरीला का लावले नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती जोडणी बॅटरीपासून दूर करायची. हे अगदी बरोबर आहे आणि गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेतही तसेच लिहिलेले असते. मी किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झाले. यानंतर कोणाच्याही मनात शंका उरण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या गाडीची वीज दिली आणि गाडी चालू झाली, म्हणजे आपल्या बॅटरीत वीज नव्हती, असा सरळ अर्थ आम्ही सर्वांनी काढला.

त्याच संध्याकाळी बॅटरी तपासून घेतली. मीटरवर १२.२ व्होल्ट आले. पूर्ण भरलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बारा व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, आणि १२.२ म्हणजे ती जेमतेम निम्मी भरलेली असते. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मोजले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट होते. अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) ठीक असेल तर तिथे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान काहीतरी यायला हवे. बॅटरी चार वर्षांची होती. मेकॅनिकने सांगितले की बॅटरी म्हातारी झाली आहे, चार्ज धरत नाही आणि अल्टरनेटरलाही खाली ओढते. मला ते पटले. जुनी बॅटरी बदल्यात देऊन नवी बसवली, आणि गाडी अकरा दिवस उत्तम चालली.

बाराव्या दिवशी सकाळी पुन्हा ‘टक्’.

या वेळी मला राग आला, आणि रागाच्या भरात मी पहिला संशय घेतला तो नव्या बॅटरीवर. तिच्यावर मीटर लावले तर १२.६. शेजारचे काका पुन्हा केबल घेऊन आले, पण त्यांना कामावर जायचे होते. त्यामुळे त्यांनी इंजिनावरचा बोल्ट शोधत न बसता काळा चिमटा थेट आमच्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावला. दोन सशक्त बॅटऱ्या जोडलेल्या असूनही गाडीने फक्त ‘टक्’ केले. काकांनी डोके खाजवले आणि म्हणाले, “मग सेल्फ गेला.” त्या क्षणी आमच्यापुढे या संपूर्ण कोड्याचे उत्तर उघडे पडलेले होते, आणि ते आम्हा दोघांनाही दिसले नाही.

शेवटी गाडीला धक्का मारायचे ठरले. किल्ली चालू स्थितीत, दुसरा गिअर, क्लच दाबलेला; गाडीने थोडा वेग घेतल्यावर क्लच सोडला आणि इंजिन लगेच पेटले. हा उपाय वारंवार करू नये, कारण इंजिन लगेच पेटले नाही तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान करते. पण त्या दिवशी त्याने एक गोष्ट निश्चित केली: पेट्रोल, ठिणगी, सेन्सर, किल्लीची चोरीरोधक यंत्रणा यांपैकी कशातही दोष नव्हता. इंजिन फिरवून दिले की ते चालते. फक्त ते फिरवणारा हात कमी पडत होता.

मेकॅनिकने सेल्फवर लाकडी दांड्याने हलके ठोके मारून पाहिले. सेल्फमधले कार्बनचे ब्रश झिजले असतील तर अशा ठोक्याने ते क्षणभर जागेवर येतात आणि सेल्फ फिरतो. आमचा फिरला नाही. रिले, म्हणजे सेल्फच्या वाटेवरचा विजेने चालणारा छोटा स्विच, बदलून पाहिला, तरी फरक नाही. तसा तो पडणारही नव्हता, कारण ‘टक्’ आवाज येतो याचाच अर्थ किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतची, म्हणजे सेल्फची मोठी वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंतची, छोटी वीज पोहोचते आहे; क्लचच्या स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये खोट असती तर तो आवाजही आला नसता. राहता राहिला सेल्फ, म्हणून तो काढून दुरुस्त करू किंवा बदलू, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तरी एक बॅटरी अशाच खात्रीवर बदलून झाली होती, म्हणून मी त्याच्याकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली.

त्या रात्री मला एक गोष्ट आठवली, जी मी दोन्ही वेळा पाहिली होती पण तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. सेल मारताना गाडीच्या आतला दिवा मंद झाला नव्हता. बॅटरी उतरलेली असेल तर सेल मारताच दिवे मलूल होतात, कधी विझतातही. उलट बॅटरी चांगली असेल आणि सेल्फ आतून जाम झाला असेल, तरी दिवे मंद होतातच, कारण अडलेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा जास्त वीज ओढते. फिरणारी मोटर स्वतःच थोडा उलटा दाब निर्माण करून विजेला आवर घालते. अडलेल्या मोटरला तो आवर नसतो. आमचे दिवे मात्र जसेच्या तसे. म्हणजे बॅटरीतून भरपूर वीज जातच नव्हती. वाटेत कुठेतरी तिला कोंडी होती.

इथे सेल्फबद्दल थोडे विषयाला धरूनच सांगावेसे वाटते. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा सेल्फ आला, त्याआधी पुढून हँडल मारून इंजिन फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, या समजाला केटरिंग यांनी बगल दिली ती एका साध्या विचाराने: मोटर काही सेकंदच चालायची आहे, तर लहान मोटरमधूनच तेवढ्यापुरती बेसुमार वीज जाऊ द्यावी. तीच रीत आजही आहे. हेडलाइटची जोडी साधारण दहा अँपिअर घेते, तर पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे. सेल्फच्या वाटेवर ०.०५ ओहम एवढासा अडथळा निर्माण झाला, तर १२० अँपिअरला तिथेच सहा व्होल्ट खर्ची पडतात. हेडलाइटच्या दहा अँपिअरला तोच अडथळा अर्धा व्होल्ट खाईल, आणि डोळ्यांना ते कळणारही नाही.

मी आदल्या दिवशी मल्टिमीटरवर तारांची सलगता तपासली होती. मीटर ‘पीं’ असा वाजला की तार धड आहे, असे मी समजत होतो. पण मीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध एक-दोन दशांश ओहम असतो, त्याने ०.०५ ओहमचा दोष शोधणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. शिवाय ती तपासणी नगण्य विजेवर होते. दहा-बारा तंतूंवर तग धरून असलेली तारही त्यात उत्तीर्ण होते. अशा दोषाला पकडायचे तर सेल मारत असताना, प्रत्यक्ष ओझ्याखाली, वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट हरवतात ते मोजावे लागते. तार निरोगी असेल तर तिच्या दोन टोकांवर मीटर जवळजवळ शून्य दाखवते. मुख्य जोडणीवर ०.२ व्होल्टच्या वर काही दिसले तर ती जोडणी संशयित.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी किल्लीवर बसली. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला, आणि मी हाक मारली की दोन सेकंद सेल मारायचा, असे ठरले. मुलीच्या शाळेत तेव्हा विद्युतधारेचा धडा चालू होता, म्हणून आकडे वाचून वहीत लिहिण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले. मीटर वीस व्होल्टच्या मापावर ठेवून सर्वांत आधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावले. सेल मारताना ११.४. हा आकडा ऐकून मला बरे वाटायला हवे होते, पण तोच खरा पुरावा होता. सेल मारताना चांगली बॅटरीही साडेदहा-अकराच्या आसपास येते, आणि ९.६ च्या खाली गेली तरच तिला दुबळी म्हणतात. इथे सेल्फ फिरत नसतानाही बॅटरी ११.४ वर निवांत होती. अडलेल्या सेल्फने तिला इतके निवांत राहू दिले नसते.

मग धन बाजू. एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरे एक लांब तार जोडून सेल्फच्या जाड बोल्टवर. ०.२ व्होल्ट, म्हणजे चालण्याजोगे. आता ऋण बाजू: काळे टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवले. खुंटीवर म्हणतो, तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येही दोष लपू शकतो. लाल टोक गाडीच्या सांगाड्यावर लावले, तर ०.१. लाल टोक उचलून इंजिनाच्या उघड्या धातूवर लावले आणि हाक मारली.

“बाबा, सहा पॉइंट एक,” मुलगी म्हणाली. मला वाटले तिने दशांशचिन्ह चुकीच्या जागी वाचले असेल. पुन्हा सेल मारला. पुन्हा ६.१. तिने वहीत वजाबाकी केली: ११.४ मधून वरचे ०.२ आणि खालचे ६.१ गेले की सेल्फच्या वाट्याला ५.१ व्होल्ट उरतात. बारा व्होल्टच्या मोटरला पाच. सॉलेनॉइडचा दांडा आत ओढला जाईपर्यंत मोठी वीज वाहतच नसते, त्यामुळे त्याला पूर्ण जोर मिळतो आणि ‘टक्’ होते; दांड्याने मुख्य संपर्क जोडला की वीज वाहू लागते आणि त्याच क्षणी सारा जोर त्या कोंडीत जिरून जातो.

सांगाड्यावर ०.१ आणि इंजिनावर ६.१, म्हणजे दोष सांगाडा आणि इंजिन यांच्या मधोमध होता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे सांगाड्याशी त्याचा विजेचा संबंध आपोआप राहत नाही. तो राखायला तांब्याच्या विणलेल्या तंतूंची एक चपटी अर्थिंगची पट्टी असते. आमच्या गाडीत ती बॅटरीच्या ट्रेखालून सांगाड्यापासून गिअरबॉक्सवरच्या बोल्टापर्यंत जाते. सेल्फमध्ये गेलेली सगळी वीज याच पट्टीवरून बॅटरीकडे परतते. हेडलाइट, हॉर्न, आतला दिवा यांचे अर्थिंग मात्र थेट सांगाड्याला असल्यामुळे ही पट्टी त्यांच्या वाटेतच येत नाही. दिवे मंद का झाले नाहीत, याचे उत्तर तिथे मिळाले.

पट्टी सोडवण्याआधी मी खात्रीसाठी काकांची काळी केबल मागून आणली आणि फक्त तेवढीच वापरली: एक टोक आमच्याच बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरे इंजिनावरच्या बोल्टला. बाहेरची कोणतीही बॅटरी नाही. पत्नीने किल्ली फिरवली आणि गाडी नव्यासारखी चालू झाली. केबल देणारे काका पाहतच राहिले, आणि मग मला म्हणाले, “अरे, पहिल्या दिवशी मी हेच केले होते की!”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पहिल्या दिवशी त्यांनी नकळत दोन गोष्टी एकदम दिल्या होत्या. लाल केबलने वीज दिली, आणि काळ्या केबलने इंजिनापासून परतीची नवी वाट दिली. आम्ही सारे श्रेय लाल केबलला दिले. दुसऱ्या वेळी त्यांनी काळा चिमटा बॅटरीला लावला. तेव्हा वीज भरपूर होती, पण परतीची वाट पुन्हा तीच सडलेली पट्टी होती, म्हणून दोन बॅटऱ्यांनीही काही झाले नाही. दोन प्रयोगांत फरक होता तो फक्त त्या एका चिमट्याचा, आणि तो चिमटा लावताना मी शेजारीच उभा होतो. चिमटा सोयीखातर हलवला, एवढीच मी त्याची नोंद घेतली होती.

बॅटरीच्या १२.२ चाही उलगडा झाला. अल्टरनेटर इंजिनावरच बसवलेला असतो आणि त्याची ऋण बाजू म्हणजे त्याचे कवच, पर्यायाने इंजिनच. त्याने तयार केलेल्या विजेलाही बॅटरीपर्यंतचे वर्तुळ पूर्ण करताना हीच पट्टी ओलांडावी लागे. अल्टरनेटर चौदाच्या वर देत होता, वाटेत एक व्होल्टहून अधिक गळत होता, आणि बॅटरीला १३.१ वर समाधान मानावे लागत होते. बॅटरीचा अशक्तपणा खरा होता, फक्त त्याला आम्ही कारण मानले आणि तो होता परिणाम.

पट्टी काढताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी, कारण धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. ट्रे उचलल्यावर पट्टीची गिअरबॉक्सकडची बाजू चांगली दिसली. सांगाड्याकडच्या टोकावर मात्र हिरवट पांढरी भुकटी साचलेली होती, आणि बोटाने ती झाडताच बरेचसे तंतू भुकटीबरोबरच गळून पडले. वर्षानुवर्षे बॅटरीच्या ट्रेमधून झिरपलेले पाणी आणि आम्लाचा अंश नेमका त्या बोल्टावर ठिबकत आला होता. बॅटरी बदलताना ट्रे हलला, पट्टीला धक्का लागला आणि उरलेले तंतू काही दिवस बरे टेकले असावेत. नव्या बॅटरीच्या त्या अकरा दिवसांचा याहून चांगला अर्थ मला लावता येत नाही.

तेवढ्याच लांबीची आणि जाडीची नवी पट्टी आणली. बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ केली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. जेली आधी लावून मग आवळणे टाळले, कारण संपर्क धातूचा धातूशीच हवा. नंतर तेच मोजमाप पुन्हा केले. इंजिन आणि ऋण खुंटी यांच्यात सेल मारताना ०.१ व्होल्ट. बॅटरीच्या टोकांवर मात्र १०.७ आले, आणि मुलगी गोंधळली. आधी ११.४ होते, आता कमी झाले, तर मग सुधारले काय? मी तिला सांगितले की आता बॅटरीला खरेच काम करावे लागते आहे. तिने वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि कमी आकड्याखाली रेघ मारली. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजले तेव्हा १४.२ होते.

मेकॅनिकला सेल्फ काढू नकोस म्हणून सांगायला गेलो, तेव्हा त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मुलीच्या वहीतले आकडे दोनदा पाहिले. आमची जुनी बॅटरी परत मिळेल का, असे मी त्याला विचारले. ती पूर्ण भरून, दोन दिवस ठेवून मोजायची होती. पण बदल्यात आलेल्या बॅटऱ्या त्याच आठवड्यात भंगारात गेल्या होत्या.